म्हातारी येतेय, दार वाजवू नका

आमच्या काकांना सगळी गल्ली कवळीकाका म्हणते आणि ते त्यांना मनापासून आवडतं. दातांचे डॉक्टर तोंडांची मापं पाठवतात, काका त्यावरून कवळ्या बनवतात. निम्म्या गल्लीचं हसू त्यांच्या टेबलावर तयार झालेलं आहे. समोरून एखादे गृहस्थ ऐटीत हसत आले की काका माझ्या कानात पुटपुटतात, "वरची ओळ माझी. खालची त्यांची स्वतःची, म्हणून वाकडी." चणे आहेत तर दात नाहीत ही म्हण ज्याने केली त्याला काकांचा पत्ता ठाऊक नव्हता, असं त्यांचं ठाम मत आहे.

पण हे झालं पोटापाण्याचं. काकांचा जीव अडकलाय तो जुन्या व्हिडिओ गेममध्ये. टीव्हीला जोडायचा तो चौकोनी खोका, त्यात वरून खुपसायची जाडजूड कॅसेट, आणि कॅसेट चालली नाही की फुंकर. त्यातही गाजलेल्या गेमचं नाव काढायचं नाही. "त्याचं बरं चाललंय की! त्याला माझी काय गरज?" असं म्हणून ते नाक मुरडतात. त्यांना हवे असतात पडेल गेम. दुकानदारांनी खोक्यात तळाशी ढकललेले, कोणी फुकट दिले तरी न नेलेले. अशा एकसष्ट कॅसेट त्यांच्या कारखान्यात, दातांच्या रंगांच्या डब्यांशेजारी, नीट पुसून मांडलेल्या आहेत.

हसू नका, त्यातला एकेक गेम म्हणजे रत्न आहे! एकात फक्त कपडे वाळत घालायचे असतात आणि वारा आपल्या विरुद्ध पक्षात असतो. एकात शर्यत आहे, पण ससा नाहीच, दोन्हीकडून कासवंच. एकात आपण मोठ्या वाद्यवृंदातले झांजवाले: अख्ख्या सात मिनिटांत एकदाच झांज वाजवायची, आणि ती चुकली की पुन्हा पहिल्यापासून. ती झांज माझी सहा महिन्यांत एकदाही बरोबर पडलेली नाही. माझा स्वभावच तसा. आई म्हणते मी सातव्या महिन्यात जन्मले, मला तिथेही दम निघाला नाही.

या एकसष्टांतला काकांचा लाडका मात्र एकच. त्याच्या कॅसेटवरची अक्षरं आम्हाला कोणालाच वाचता येत नाहीत. गेम सुरू झाला की एक गोल पोटाचा पोस्टमन काखेत पार्सल घेऊन एका घराच्या दाराशी उभा असतो. बटण दाबलं की तो दार वाजवतो. दार उघडत नाही. पुन्हा दाबा, पुन्हा वाजवतो. दहा वेळा दाबा, शंभर वेळा दाबा, दार ढिम्म. बाकी काही नाही. ना उडी, ना शत्रू, ना गाणं. त्या काळी ज्याने ज्याने ही कॅसेट नेली त्याने ती दुसऱ्या दिवशी परत आणून दुकानदाराच्या अंगावर फेकली. दुकानदाराने शेवटची उरलेली काकांना देताना बजावलं होतं, "बिघडलेली आहे. परत आणायची नाही."

काकांनीही चार दिवस ते दार बडवलं. पाचव्या दिवशी बडवता बडवता त्यांचं लक्ष गेलं की कवळीच्या साच्यासाठी वाटीत कालवलेलं प्लास्टर आळायला लागलंय. रिमोट टेबलावर टाकून ते धावले, घाईघाईने साचा ओतला आणि तिथेच उभे राहिले. प्लास्टर घट्ट होताना आधी गार असतं, मग हाताला गरम लागतं, मग पुन्हा निवतं. काकांच्या प्लास्टरला या सगळ्याला अकरा मिनिटं लागतात, आणि ती अकरा मिनिटं काका घड्याळ न बघता ओळखतात. साचा निवला. काकांनी वळून पाहिलं तर टीव्हीवर दार उघडं होतं आणि दारात एक वाकलेली म्हातारी पोस्टमनकडे बघत उभी होती.

ती बिचारी सुरुवातीपासून येतच होती हो! चौथ्या मिनिटाला वरच्या खिडकीत दिवा लागतो. सातव्या मिनिटाला खोकला ऐकू येतो. नवव्या मिनिटाला सपाता फरफटल्याचा आवाज येतो. पण मध्येच कोणी पुन्हा दार वाजवलं की ती दचकते, दिवा मालवते आणि परत पलंगावर जाऊन पडते. सगळी दुनिया दार बडवत होती, आणि सगळी दुनिया म्हातारीला पुन्हा झोपवत होती. पार्सल घेतलं की ती पोस्टमनला पुढच्या घराचा रस्ता दाखवते, आणि तिथून जो गेम फुलतो, काय सांगू! एकूण चौदा घरं. दुसऱ्या घरातला कुत्रा पार्सल घेऊन उलट आपल्यालाच काहीतरी देतो. पाचव्या घरातल्या माणसाला पार्सल नकोच असतं, त्याला गप्पा हव्या असतात. शेवटच्या घरात काय आहे ते मी सांगणार नाही, काकांनी मला शपथ घातलीय.

या गेमसाठी काकांनी जन्मभर लोकांपुढे दातांच्या कण्या केल्या. शेजारी, डॉक्टर, विमा एजंट, सगळ्यांना खुर्चीत बसवून झालं. अकरा मिनिटं कोणी बसलं नाही. मीही नाही. काकू तर नाहीच. काकू लोकांना गाडी शिकवते, तिच्या मते जिथे काही हलत नाही तिथे हँडब्रेक ओढलेला असतो. "अहो, तुम्ही सांगता तर उघडत असेल दार. आम्ही मानलं की!" असं ती म्हणायची. काका कॅसेट पुसून पुन्हा जागेवर ठेवायचे. मानायला नको होतं त्यांना, कोणीतरी बघायला हवं होतं.

मग या वर्षी संग्रहालयाने जुने गेम मागवले. शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये एक दिवस सगळ्यांनी आपापल्या कॅसेट आणायच्या, तिथे तपासायच्या, आणि ज्या चालतील त्यांची नक्कल काढून कायमची जपून ठेवायची, म्हणजे पुढे कोणालाही खेळता येतील. बिघडलेल्या परत. काकांनी साठ कॅसेट घरीच ठेवल्या आणि एकच कोटाच्या आतल्या खिशात घातली, सोबत घरचा रिमोट घेतला.

तपासायला होत्या एक तरुण बाई. हातात जाडजूड रजिस्टर आणि टकटक वाजणारं पेन. आम्ही त्यांचं नाव लगेच रजिस्टरबाई ठेवलं. त्यांनी कॅसेट लावली, दार सहा वेळा वाजवलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'बिघडलेली'. सगळं मिळून एक मिनिट.

"बिघडलेली नाही हो!" काकांचा आवाज चिरकला. "थांबावं लागतं. अकरा मिनिटं!"

"आजोबा, माझ्याकडे दोनशे कॅसेट आहेत आणि टीव्ही एकच," बाई म्हणाल्या. आजोबा म्हटल्यावर काकांनी डोळे मिटले. बाईंना बहुधा वाईट वाटलं. "बरं, मध्ये वेळ मिळाला तर लावते. पाच वाजता यादी बंद. तोवर दार उघडलं तर हा शब्द खोडेन."

दोन वाजता पहिली संधी मिळाली. इथे दाढ आली. काकांच्या रिमोटचं मुख्य बटण फार पूर्वी तुटलं, तेव्हा त्यांनी त्या जागी कवळीतली एक सुंदर, पिवळसर झाक असलेली दाढ बसवली होती, गुलाबी हिरडीसकट. घरी आम्हाला त्याचं काही वाटत नाही. आम्ही "दाढ दाब, दाढ!" असंच ओरडतो. पण परक्या माणसाला रिमोटवर दाढ दिसली की त्याचं बोट आपोआप तिकडे जातं. सहा मिनिटं झाली, खिडकीत दिवा लागलेला, आणि गर्दीतून एका टोपीवाल्या सद्गृहस्थांनी हात लांब केला. "अरे वा, खरी आहे का?" म्हणून दाबली. ठक ठक! दिवा गेला. काकूने त्या गृहस्थांकडे असं पाहिलं की ते थेट उपाहारगृहात गेले आणि परत आले नाहीत.

दुसरी संधी साडेतीनला. या वेळी काकांनी रिमोट राखायला मला दिला. आपली रक्ताची म्हणून. दिवा लागला. खोकला आला, आणि गर्दीतल्या पंधरा-वीस जणांनी "ओऽऽ" केलं. नववं मिनिट. सपाता! फर्र, फर्र, फर्र. मी त्या सपाता आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मला इतका आनंद झाला की मी ओरडले, "अगं ये ना लवकर!" आणि दाढ दाबली.

हातातोंडाशी आलेला घास गेला. माझी दातखीळ बसली. काका मला रागावले असते तर बरं झालं असतं, पण त्यांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला. "होतं असं," म्हणाले. "तिला सवय आहे."

मी हॉलच्या मागच्या भिंतीशी जाऊन ढसाढसा रडले. खोटं कशाला सांगू.

चार वाजले, सव्वाचार, साडेचार. टीव्हीवर दुसऱ्यांची विमानं उडत होती, दुसऱ्यांच्या गाड्या आपटत होत्या. पावणेपाच वाजून गेले तेव्हा रजिस्टरबाईंनी टीव्हीभोवतीची गर्दी पाहिली. मघाचे पंधरा-वीस जण घरी गेलेच नव्हते, उलट त्यांनी आणखी माणसं बोलावून आणली होती. "लावते," बाई म्हणाल्या. "पण रिमोट माझ्या मांडीवर राहील. तुमच्या घराण्यावर माझा विश्वास नाही."

फुंकर मारली, कॅसेट खोक्यात बसली, पोस्टमन दाराशी आला. भिंतीवरच्या घड्याळात पाचला बारा कमी. बाईंनी एकदाच दाढ दाबून दार वाजवलं.

तेव्हा आमची काकू खुर्चीवर चढली. तीस वर्षं ती नवशिक्यांच्या शेजारी बसून लोकांचे जीव वाचवतेय, तो आवाज मी त्या दिवशी पूर्ण ऐकला. "सगळ्यांनी हात मागे!" ती गरजली. "मागे म्हणजे मागे! बोटं गुंफा! तुम्ही पण, चष्मेवाले!" आणि काय सांगू, पन्नास-साठ मोठी माणसं शाळेतल्यासारखी हात मागे बांधून उभी राहिली. मी तर दोन्ही हातांवर बसले.

चौथं मिनिट, दिवा. कोणीतरी हुंकार दिला, काकूने "श्शू" केलं. सातवं मिनिट, खोकला. एक आजीबाई आपसूक पुटपुटल्या, "पाणी द्या कुणीतरी तिला," आणि सगळा हॉल तोंड दाबून हसायला लागला. खांदे गदगदा हलताहेत, डोळ्यांतून पाणी येतंय, आणि हात मागे! नववं मिनिट. सपाता. बाईंच्या पेनाची टकटक केव्हाच थांबली होती. त्यांचा अंगठा दाढेच्या अगदी वर, केसभर अंतरावर होता. मी डोळे मिटले, उघडले, परत मिटले. कोणीतरी विनवत होतं, "चला आजी, चला, थोडंच राहिलं." मग कळलं की ते मीच बोलतेय.

कर्र.

दार उघडलं. म्हातारीने कपाळावर हात धरून वर पाहिलं, आणि हॉलमध्ये जो आरडाओरडा झाला तो! चष्मेवाले माझ्या गळ्यात पडले. काकू खुर्चीवरून उतरायची विसरली. कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी टेबल बडवलं, ओळखदेख नसलेले लोक एकमेकांना टाळ्या देत होते, "आली! आली की हो!"

मी काकांकडे पाहिलं. काका टीव्हीकडे बघतच नव्हते. टीव्हीकडे पाठ करून ते आमची तोंडं बघत होते, एकेक, सावकाश, सगळ्या हॉलची. नकली दातांची आणि खऱ्या दातांची, पर्वा न करता उघडी पडलेली सगळी. दार उघडताना त्यांनी ते हजारदा पाहिलं होतं. हे नव्हतं पाहिलं. त्यांना रडू येत होतं आणि ते लपवायचा प्रयत्नही ते करत नव्हते.

रजिस्टरबाईंनी एका हाताने 'बिघडलेली' हा शब्द खोडला. दुसरा हात रिमोटवरच होता. "काका," त्या म्हणाल्या, "शेऱ्यात काय लिहू?"

काकांनी नाक पुसलं. "लिहा, चालते. जरा थांबा."

त्यांनी तसंच लिहिलं. तेवढ्यात पाच वाजले. हॉलचा रखवालदार किल्ल्या खुळखुळवत आला आणि दिवे मालवायला बटणांकडे वळला.

"थांबा हो जरा!" रजिस्टरबाई टीव्हीवरची नजर न काढता ओरडल्या. "ती आम्हाला रस्ता दाखवतेय."