ओठ माझे, आवाज दुसरीचा

करोंदच्या धान्यमंडीत हम्मालांच्या धरण्यात मी स्वतः लिहिलेलं गाणं गात होते. त्याचा व्हिडिओ मोबाइलवर पाहून एका दिग्दर्शकाने मला चित्रपटात घेतलं. भूमिका मोर्चात गाणाऱ्या मुलीची होती आणि गाणंही माझंच. टी. टी. नगरात शूटिंग झालं तेव्हा मी अगदी घसा फोडून गायले.

चित्रपट लागला तेव्हा आईला घेऊन गेले. पडद्यावर मी तोंड उघडलं आणि आतून भलताच, मधाळ आवाज बाहेर आला. आई कौतुकाने कुजबुजली, "अगं, किती गोड लागलाय तुझा आवाज!"

"आई, गाणारी मी नाहीये."

"मग तुला कशाला घेतलं मेल्यांनी?"

बाहेर आल्यावर मी दिग्दर्शकाला फोन करून तेच विचारलं. तो म्हणाला, "चेहरा असली चाहिए था, मॅडम. आवाज तो आपकी बैठी हुई है."

बसणारच! हम्मालांबरोबर उन्हात घोषणा देऊन बसलेला आवाज आहे तो. तोच काढून टाकला, तर मोर्चाची नुसती वेशभूषा उरते.

पुढच्या चित्रपटासाठी पुन्हा बोलावणं आलं. मला सिनेमात काम करायचंय. त्यागाचा आव मी आणत नाही. पण सांगून टाकलं की माझं गाणं मीच गाणार. त्यांनी दुसरी मुलगी घेतली. माझा राग तिच्यावर नाही. तिचा स्वतःचा आवाज कसा आहे, ते मात्र मला एकदा ऐकायचंय.