उर्फ बेबी

लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जाताना बॅगेत काय भरावं आणि काय भरू नये, हे गिरगावात ज्या बाईला सगळ्यात जास्त कळतं, तिने विमानतळ आतून कधी पाहिलेला नाही. सुभद्रा गुणाजी परब तिचं नाव. राहायला लालबागच्या चाळीत, वय बासष्ट, आणि काम बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालण्याचं. पस्तीस वर्षं ती सकाळची बस धरून गिरगावातल्या फणसवाडीत येते, पाटावर पाय पसरून बसते, आणि पोर पायांवर पालथं घेते. पहिल्या दिवशी घर डोक्यावर घेणारं पोर चौथ्या दिवशी तिच्या पायांवरच झोपी जातं. त्यातली काही पोरं आता टाय लावून हिंडतात आणि तिला ओळखत नाहीत. तिला त्याचं काही नाही. पोराने ओळख ठेवायची असते ती आईची, न्हाऊ घालणारीची नव्हे, असं ती म्हणते.

पुढे या घरांतल्या मुली लग्न होऊन अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि त्यांच्या आया सहा-सहा महिने तिकडे जाऊ लागल्या. जाण्याआधी प्रत्येक आई सुभद्रामावशीला गाठणार, हे ठरलेलं. पहिली गेली, ती परत येऊन तिकडच्या गमती सांगत बसली. दुसरी गेली, तिने आणखी सांगितलं. असं करत करत मावशीच्या डोक्यात एक मोठं पुस्तक तयार झालं. डिंकाचे लाडू चालतात, पण खव्याचं काही नको. ओवा आणि बाळंतशेपा दुकानाच्या बंद पाकिटात न्या, घरच्या पुरचुंडीत नको. औषधाबरोबर डॉक्टरची चिठ्ठी. बॅगेला लाल फीत बांधा, कारण सगळ्या जगाने काळ्याच बॅगा घेतल्यात. आणि शेवटचा नियम ती बोट वर करून सांगायची, “बाई, काजळाची डबी ब्लाउजात कसली लपवताय? फॉर्मवर लिहून टाका. जे असेल ते सगळं लिहायचं. वस्तू फेकली तर फेकली. लपवलं तर माणसालाच परत धाडतात.”

तिचं ऐकून गेलेली एकही बाई कधी अडकली नाही.

सुभद्रेची एकुलती लेक आकांक्षा. लग्न होऊन अकरा वर्षं ती टोरांटोजवळ राहते. नवरा शंतनु शांत माणूस, नावं ठेवायला जागा नाही. दोनदा तिला दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना काही सरला नाही. दोन्ही वेळा सुभद्रा इकडे लोकांची पोरं न्हाऊ घालत होती. फोन यायचा, हाताला तेल असायचं, आणि त्या तेलकट हातानेच ती फोन कानाला धरून नुसती “हं, हं” करत राहायची. आईने अशा वेळी काय बोलावं ते कोणी शिकवत नाही.

तिसऱ्या खेपेला पाचवा महिना लागला तेव्हा आकांक्षाने स्वतःहून फोन केला. “आई, तू ये. मला दुसरं कोणी नको. माझ्या बाळाला तुझ्या पायांवर घालायचंय.” फोन ठेवल्यावर सुभद्रा पदरात तोंड घालून रडली, आणि लगेच उठून मेथ्या भाजायला लागली. गुणाजी, म्हणजे तिचा नवरा, बाजूलाच बसला होता. गिरणी बंद पडल्यापासून तो कमी बोलतो. तो एवढंच म्हणाला, “आदी पासपोर्ट काढ गो. मेथ्ये मगे भाज.”

पासपोर्ट निघाला. पोलीस चौकशीला आला तेव्हा अख्खी चाळ साक्षीला धावली, इतकी की एकच बाई जाणार आहे ना, हे त्याला तीनदा विचारावं लागलं. मग व्हिसाचा अर्ज. तो आकांक्षाने तिकडून कॉम्प्युटरवर भरला आणि प्रश्न फोनवर एकामागून एक आईला विचारत गेली. कधी लष्करात होतीस का? कधी शिक्षा झाली होती का? कुठल्या देशाने हाकलून दिलं होतं का? सुभद्रा हसून हसून बेजार.

“दुसरं कुठलं नाव वापरलंयस का गं कधी?”

“माका कसला दुसरा नाव? ता उर्फ-बिर्फ चोरांक असता.”

आकांक्षाही हसली आणि तिने ‘नाही’ लिहिलं.

आता इथे थोडं थांबून मागे जायला हवं. सुभद्रा ही जन्माने सुभद्रा नव्हेच. माझगावच्या सीताराम घाड्यांना तीन मुलग्यांवर मुलगी झाली, तिला लाडाने बेबी म्हणू लागले, आणि नाव ठेवायचं राहूनच गेलं. शाळेच्या पटावर बेबी, रेशनकार्डावर बेबी. लग्न करून लालबागला आली तेव्हा सासूने कपाळाला हात लावला. “उद्या नातवंडा झाली तरी हिका बेबी म्हणान हाक मारूची काय?” म्हणून वरात घरी आल्यावर ताटात तांदूळ पसरले, गुणाजीने अंगठीने त्यात ‘सुभद्रा’ असं लिहिलं, पेढे वाटले, आणि बेबी संपली. कुठल्या कचेरीला कळवलं नाही, कागद केला नाही. तेव्हा तांदळात लिहिलं की सगळ्या जगाला कळलं असंच लोक धरून चालत. आपल्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हे असंच आहे. सासरचं नाव हेच तिचं नाव आणि माहेरचं नाव म्हणजे माहेरचं फणसाचं झाड. आठवण असते त्याची, मालकी नसते. मामे येऊन “बेबे” म्हणत, ते आकांक्षाने लहानपणी ऐकलं होतं. पण घराघरात एक बेबी असते. ते कधी नाव असतं का?

अर्ज गेल्यावर महिन्याभराने व्हिसाच्या कचेरीचं पत्र आलं. अर्जदार बाई ही मुलीची आई आहे, याचा पुरावा पाठवा. आकांक्षाचा जन्मदाखला कधी कुणी काढलाच नव्हता, शाळेच्या दाखल्यावर सगळं भागलं होतं. लालबागच्या नाक्यावर हितेंद्रचं दुकान आहे, झेरॉक्सपासून पॅनकार्डापर्यंत सगळं करून देणारं. त्याने आठ दिवस खेपा घालून पालिकेच्या जुन्या नोंदींतून दाखला मिळवला आणि काउंटरवर ठेवला.

“मावशी, लोचा आहे. आईचं नाव बेबी गुणाजी परब. ही कोण?”

सुभद्रेने चष्मा लावला. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, माझगावला. प्रसूतिगृहात कारकुनाने आईचं नाव विचारलं तेव्हा उत्तर द्यायला तिचे बाबा उभे होते. त्यांच्या तोंडी दुसरं काय येणार? तिला बाबा आठवले, त्यांची टोपी आठवली, आणि ती चक्क खूश झाली. “अरे, मीच ती,” ती म्हणाली.

“तुम्ही असाल हो. त्यांना कसं कळणार? ॲफिडेव्हिट टाकूया. सिंपल आहे, रोजचं काम आपलं.”

हितेंद्र माणूस वाईट नाही. रोज दहा बायकांचं असलं प्रतिज्ञापत्र तो करून देतो, इथे ते गॅससाठी चालतं, बँकेत चालतं. त्याने नेहमीचा मजकूर काढला. मी, सुभद्रा गुणाजी परब उर्फ बेबी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, बेबी आणि सुभद्रा या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच असून, विवाहापूर्वी मी बेबी या नावाने ओळखली जात होते. नोटरीचा शिक्का बसला. सुभद्रेने सही केली. खरं ते लिहिलं, आता भीती कशाची, असं तिला वाटलं. आकांक्षाला तेव्हा डॉक्टरने उठायचीही बंदी केली होती. तिने पडल्या पडल्या कागद पुढे पाठवले. दीड महिन्यापूर्वीच्या अर्जात काय लिहिलं होतं, ते उघडून पाहायचं तिच्या डोक्यात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तिकडच्या माणसाने दोन कागद शेजारी ठेवले. एकात बाई सांगते, मला दुसरं नाव कधी नव्हतं. दुसऱ्यात तीच बाई शपथेवर सांगते, होतं. मधलं ताट, तांदूळ आणि सासू त्याला कुठून दिसणार? उत्तर आलं ते दीड पानाचं. हितेंद्रने मोठ्याने वाचलं आणि मध्येच त्याचा आवाज बारीक झाला. खोटी माहिती दिल्याबद्दल अर्ज नामंजूर. पुढची पाच वर्षं या व्यक्तीला त्या देशात पाऊल टाकता येणार नाही.

“म्हणजे परत भरायचा काय?” सुभद्रेने विचारलं.

“नाही मावशी. पाच वर्षं भरायचाच नाही.”

ती बराच वेळ काउंटरला धरून उभी राहिली. मागे रांग होती, कुणी तरी “चला, चला” म्हणालं. आयुष्यभर बायांना ‘लिहून टाका’ सांगणारी ती, आणि तिला लबाड ठरवलं होतं. पण ते दुखणं नंतरचं. आधी तिने साधा हिशेब केला. बाळ पाच वर्षांचं होईल. पाच वर्षांचं पोर कुणी पायांवर घेऊन न्हाऊ घालत नाही.

शंतनुने तिकडे वकिलाला विचारलं. दाद मागता येते, पण वर्ष-दीड वर्ष जातं, असं त्याने सांगितलं. पोटातलं पोर तेवढं थांबणार नव्हतं. गुणाजी त्या रात्री जेवला नाही. “माजाच चुकला,” तो म्हणाला. “बेबी काय वायट नाव होता?” चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून ते नाव ऐकताना सुभद्रेला परक्या बाईबद्दल कुणी बोलतंय असं वाटलं.

मग ठरलं ते हे की शंतनुची आई जाणार. अनुजाताई, अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत उभं आयुष्य काढलेल्या, सरकारी नोकरीतून निवृत्त. त्या पूर्वी दोनदा जाऊन आल्या होत्या, त्यांचा व्हिसा शिल्लक होता. जन्मापासून सगळ्या कागदांवर एकच नाव, नोकरीवाल्या बाईचं असतं तसं. निघायच्या आधी त्या लालबागला आल्या.

“विहीणबाई, मला तुमच्यासमोर तोंड दाखवायला लाज वाटते,” त्या म्हणाल्या. “खरं तर तुमची जागा आहे ही.”

त्या वाईट असत्या तर बरं झालं असतं. चांगल्या माणसावर रागही धरता येत नाही. सुभद्रेने त्यांना चहा दिला आणि स्वतःसाठी भरलेली बॅग पुढे ओढली. लाडू, शेपा, ओवा, मऊ धुतलेली सुती लुगडी फाडून केलेली दुपटी. लाल फीत तिने आधीच बांधली होती. मग पाटावर बसून, पायांवर उशी घेऊन तिने दाखवलं. मान अशी तोलायची. पाणी असं तळव्याने सोडायचं, धारेने नाही. नाकाला हात लावायचा नाही. अनुजाताई वहीत लिहून घेत होत्या. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना खाली बसता येत नव्हतं. त्या स्टुलावर बसून पाहत होत्या, आणि ही विद्या तिथपर्यंत पोहोचणार नाही हे दोघींनाही कळत होतं.

मुलगी झाली. सुखरूप झाली, नऊ महिने पुरे भरून. चाळीत पेढे वाटले आणि सुभद्रा हसत हसत सगळ्यांचं अभिनंदन स्वीकारत राहिली. फणसवाडीतल्या बायांनी विचारलं, “मावशी, तुम्ही कधी निघताय?” ती म्हणायची, “बघूया.” कारण सांगायची सोय नव्हती. खोटं बोलली म्हणून अडवलं, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

बाराव्या दिवशी संध्याकाळी आठला फोन आला, तिकडे सकाळ होती. आकांक्षाने फोन कुठे तरी टेकवून ठेवला होता. स्वयंपाकघराचा ओटा, त्यावर प्लॅस्टिकचा टब, आणि टबात सुभद्रेची नात. लालबुंद होऊन रडत होती. अनुजाताई उभ्यानेच तिला धरून होत्या, घाबरत, दोन बोटांनी पाणी लावत.

“मानेखाली हात घाला,” सुभद्रा म्हणाली. “अवो, मानेखाली!”

पोरीच्या रडण्यात तिकडे काही ऐकू गेलं नाही. तिने आणखी मोठ्याने सांगितलं. तिचे हात आपोआप पुढे आले होते आणि हवेत मान तोलत होते. गुणाजी ते पाहत होता आणि मग त्याने मान वळवली.

हळूहळू पोर रडायची थांबली. अनुजाताईंचा हात बसला असावा. बाळाने डोळे उघडले, टबावर वाकलेल्या चेहऱ्याकडे एकटक पाहिलं आणि जांभई दिली.

“आई, टॉवेल दे गं, लवकर!” आकांक्षाने हाक मारली.

सुभद्रा ताडकन उठली. गुडघा कटकन वाजला. ती दोरीवरच्या टॉवेलापर्यंत पोहोचली, तो ओढून वळली, आणि तेव्हा तिला फोनवर दिसलं. अनुजाताईंच्या खांद्यावर टॉवेल होता. त्यांनी तो उलगडला, पोरीला गुंडाळलं आणि छातीशी धरलं.

“खंय चललंस?” गुणाजीने विचारलं.

“खंय नाय,” ती म्हणाली.