पायाला आलेल्या मुंग्या

"बाई, पायाला मुंग्या येताहेत."

सुमन विंगेत शिरली ती हे म्हणतच. नऊ-दहा वर्षांची पोर. वंदना करून नुकतीच स्टेजवरून आत आली होती. तिच्या नृत्याच्या बाई दुसऱ्या मुलीच्या घुंगरांची गाठ आवळत म्हणाल्या, "पहिल्यांदा स्टेजवर गेलं की होतं तसं. पाणी पी आणि शांत बस."

मी शेजारीच लाइटच्या बोर्डापाशी उभा होतो. मला बाईंचं म्हणणं पटेना. माणूस घाबरला की घशाला कोरड पडते, हातपाय थरथरतात. मुंग्या कशाला येतील? मी सुमनला विचारलं, "सगळीकडे येतात का गं?"

"नाही. पुढे दिव्यांजवळ गेलं की येतात. मागे आलं की जातात."

आता घशाला कोरड पडायची पाळी माझी होती.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. सांगलीत लाइट-स्पीकर भाड्याने देणाऱ्या एका दुकानात मी वायरमन होतो. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत आमचा सीझन. आज नाटक, उद्या नाच, परवा नकलांचा कार्यक्रम, आणि झोप काय ती टेंपोत. त्या संध्याकाळी आष्ट्याला एका मंडळाने सांगलीच्या या बाईंच्या विद्यार्थिनींचं कथक ठेवलं होतं. शाळेचं मैदान, ड्रमांवर फळ्या टाकून केलेलं स्टेज, समोर बायाबापड्यांची ही गर्दी. मुली अनवाणी नाचणार म्हणून बाईंनी सगळ्या फळ्या ओल्या फडक्याने पुसून घेतल्या होत्या. मला बुटात नाचणाऱ्या कलाकारांची कधी काळजी वाटली नाही. अनवाणी पाय आणि ओली फळी एकत्र आली की मात्र वायरमनचं चित्त थाऱ्यावर राहत नाही.

त्यात फूटलाइट. म्हणजे स्टेजच्या पुढच्या कडेला, पत्र्याच्या लांब पन्हळीत बसवलेले बल्ब. कलाकाराच्या तोंडावर खालून उजेड पडावा म्हणून ते असायचे. उद्घाटनाला पाहुण्यांनी नारळ फोडला तोही नेमका त्या कडेवर. देवीवर श्रद्धा दांडगी आणि मनगटात जोरही तसाच. पाणी सगळं पन्हळीत गेलं. सगळे टाळ्या वाजवत होते, पन्हळीत कोण डोकावणार?

मी टेस्टर काढला आणि पडद्याआडून हात लांब करून पत्र्याला लावला. टेस्टर पेटला. पत्र्यात करंट होता, आणि पत्रा ओल्या फळ्यांवर खिळ्यांनी ठोकलेला. मी झटकन मागे येऊन बोर्डावरचं फूटलाइटचं बटण बंद केलं. बल्ब विझले. मी श्वास सोडला.

लगेच मंडळाचे अध्यक्ष बापू धावत आले. फेटा, घामेजलेलं कपाळ, आवाज खणखणीत.

"आवं लाइटवाले, म्होरचं दिवं का मालवलं? पावण्यास्नी पोरींची त्वांडं दिसनात!"

"बापू, पत्र्यात करंट उतरलाय. पोरीच्या पायाला मुंग्या आल्या."

"मुंग्या? आमच्या म्हातारीला रोज येत्यात! त्येला काय लाइट बंद करायची व्हय? लावा बघू."

"लावणार नाही. वरच्या दिव्यांवर भागवा."

"आमी सांगलीस्नं नाच आणलाय, लय खर्च केलाय. अंधारात दावायचा व्हय?"

"मग तुम्ही चपला काढून तिथं उभे राहा. मी बटण लावतो."

बापूंनी एकदा माझ्याकडे, एकदा स्टेजकडे पाहिलं आणि पुटपुटत पाहुण्यांकडे गेले. बाईंनी चार मुलींना पुढच्या नाचासाठी स्टेजवर सोडलं. त्यांत सुमनही होती. बाई विंगेत माइकसमोर बसल्या आणि बोल म्हणू लागल्या. कथकात गुरू असे बोल म्हणतात आणि त्यावर नाचणारे पाय टाकतात. ता थै थै तत्, आ थै थै तत्. शेजारी तबला सुरू झाला.

मुली फेर धरत पुढे आल्या. सुमन कडेला पोहोचली आणि तिने एकदम पाय उचलला. चटका बसल्यावर उचलतो तसा.

मला काही सुचेना. बटण बंद होतं. बल्ब डोळ्यांदेखत विझलेले होते. मग करंट येतोय कुठून? सुमनच्या शेजारच्या मुलीचंही पाऊल अडखळलं. पुढच्या कोपऱ्यात पडदा टांगायचा लोखंडी पाइप होता, थेट जमिनीत पुरलेला. त्या मुलीचा तोल गेला असता तर तिने पहिल्यांदा तोच धरला असता. पायाखाली करंट आणि हातात जमिनीत पुरलेला पाइप, म्हणजे करंटला मुलीच्या अंगातून सरळ वाट. ओरडलो असतो तर चौघी घाबरून कुठेही पळाल्या असत्या. सगळ्या स्टेजचा मेन स्विच शाळेच्या भिंतीवर, मैदानाच्या पलीकडे. मधे बसलेल्या बायका आणि त्यांच्या मांडीवर झोपलेली पोरं. तिथवर जाईपर्यंत काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

मी बाईंच्या कानाशी वाकलो. "पुढे करंट आहे. मुलींना मागे घ्या. पाइपला हात लावू देऊ नका. ओरडू नका."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. पण बोल थांबला नाही. त्याच लयीत, त्याच ठसक्यात त्या म्हणाल्या, "ता थै थै तत्, मागे मागे चला. आ थै थै तत्, हात कमरेवर."

चारी मुलींचे हात कमरेवर गेले. तबलजीने बाईंकडे चमकून पाहिलं, पण ठेका सोडला नाही. मुली एकेक पाऊल मागे सरकत पार मागच्या पडद्यापर्यंत गेल्या. मैदानातून टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, नाचच असा आहे.

तोवर मी मागच्या पडद्याआडून पलीकडच्या विंगेत पोहोचलो होतो. फूटलाइटची वायर तिथल्या प्लगमधून निघून माझ्या बोर्डावरच्या बटणातून जायची. मी प्लग उपटला. शेजारी मंडळाचा एक कार्यकर्ता विजेवरचा ग्रामोफोन सांभाळत बसला होता.

"हा प्लग कुणी काढला होता का?" मी विचारलं.

"म्या. आरतीच्या तबकडीपुरता. परत लावला की तसाच!"

तसाच नव्हे, उलटा. दोन पिनांचा प्लग कसाही बसतो. बल्बला दोन तारा जातात. एकीतून करंट येतो, दुसरीतून परत जातो. बटणाने येणारी तार तोडायची असते. प्लग उलटा बसल्यावर बटणाने तोडली ती परतीची. बल्ब विझले, पण करंट पन्हळीपर्यंत येऊन नारळाच्या पाण्यातून पत्र्यात उतरतच राहिला. त्या कार्यकर्त्याला काय बोलणार? त्याने तर काम चोख केल्यासारखं तोंड केलं होतं.

नाच संपल्यावर आम्ही पन्हळच उखडून खाली टाकली आणि कडेच्या फळ्या कोरड्या केल्या. कडेला दोन गॅसबत्त्या आणून ठेवल्या. तरी बाई मुलींना पुढे सोडेनात.

"तुम्ही मघाशीही बटण बंद केलं होतंत," त्या म्हणाल्या. "आता माझ्या मुली कशाच्या भरवशावर पाठवू?"

त्यांचं चुकत नव्हतं. मी रबरी चपला काढल्या आणि स्टेजच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चाललो. पन्हळ खाली पडली होती, वायर माझ्या गळ्यात होती, तरी पहिलं पाऊल टाकताना मला भीती वाटली. माझ्यामागून बाई आल्या. मग त्यांनी सुमनला हाक मारली.

सुमनने एक पाय टेकवला. थांबली. दुसरा टेकवला.

"नाहीत," ती म्हणाली.

बाईंनी तिला जवळ ओढलं. "मघाशी होत्या गं. मीच ऐकलं नाही," म्हणाल्या, आणि डोळे पुसत माइककडे गेल्या.

कार्यक्रम पार पडला. पाहुण्यांनी भाषणात त्या मागे जाणाऱ्या नाचाचं फार कौतुक केलं. टेंपो भरताना बापू येऊन म्हणाले, "पुढल्या सालाला बी त्योच नाच पायजे बरं का, मागं सरकायचा."

बल्ब विझला म्हणजे करंट गेला, असं मी तेव्हापासून धरत नाही. प्लग उपटून खिशात घालतो. आणि पायाला मुंग्या आल्या असं कुणी म्हणालं की आधी त्याला खाली उतरवतो. घाबरलाय की काय ते मग सावकाश पाहता येतं.