करवंदीच्या जाळीतला कंद

पिशोरच्या डोंगरात कंद खणावा तर सरूबाईनंच, असं गाव म्हणायचं. तिच्या हाती कुदळ आली की माती आपणहून बाजूला होते, अशी तिची ख्याती. नवरा पुंजाराम लवकर गेला. मग तिनं अन् धाकटी जाऊ आशाबाईनं मिळून घर ओढलं. आता मात्र सरूबाई कुदळीला हात लावत नाही.

त्या डोंगरात गोड कंदाची वेल असते अन् तिच्याच रूपाची एक विषारी. पान तेच, देठ तोच, वेगळं फक्त फूल. विषारीला लोक सावत्र म्हणतात. म्हणून जुन्या बाया श्रावणात फूल पाहून गोड वेलीच्या बुडाशी दगड रचून ठेवत अन् वेल वाळल्यावर, शिवरात्रीच्या उपासाला, तिथं खणत. कंद काढला की त्याचं डोकं मोडून परत मातीत पुरायचं. डोंगराचं डोंगराला. सरूबाई हे सासूकडून शिकली होती.

बऱ्याच वर्षांमागं एका शिवरात्रीला करवंदीच्या जाळीत एकच कंद निघाला. आशाबाई तापातून नुकती उठलेली. सरूबाईनं तो उकडून तिच्या ताटात वाढला अन् आपण भगरीवर राहिली. सांजेला आशाबाईला उलट्या सुरू झाल्या. शहरात दवाखान्यात नेली, पण शेवटी तिला हिरवं लुगडं नेसवायची वेळ आली.

तिचा नवरा कारभारी पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "तापानं नेलं तिला. वहिनीचं नाव कुणी घ्यायचं नाय."

गावानं घेतलं नाही. सरूबाईचं मन मात्र रोज घ्यायचं. दगड तर तिनंच रचले होते, मग चूक कशी होईल? पावसाळ्यात ती त्या करवंदीच्या जाळीपाशी जाऊन उभी राहायची. पुरलेलं डोकं फुटायचं, वेल वर चढायची, अन् फुलायच्या आत शेळ्या शेंडे ओरबाडायच्या. भोवती चार काटे लावले असते तर फूल दिसलं असतं. काटे तिनं कधी लावले नाहीत.

गेल्या पावसाळ्यात तनुजा आली. फुलंब्रीची पोर, शहरात विद्यापीठात शिकणारी. रानातल्या कंदांच्या जाती ती पानांच्या डीएनएवरून ओळखत होती.

"फूल नसलं तरी कळतं?" सरूबाईनं विचारलं.

"फूल कशाला, मावशी? नखाएवढं पान बास. प्रत्येक जातीच्या वंशाची खूण पानात असते, ती यंत्रावर वाचायची. माणसाचा बाप नाही का रक्तावरून कळत, तसं."

"गावात भांडणं लावशील, पोरी."

तनुजा हसली. सरूबाई उठली अन् तिला जाळीपाशी घेऊन गेली. पुरलेल्या डोक्यातून फुटलेल्या वेलीला हात लावून "हिचं पान घे," एवढंच म्हणाली. तनुजानं त्या वेलीचं पान खुडलं, शेजारी गुंतलेल्या वेलीचंही खुडलं, अन् नव्या चपलांच्या खोक्यात निघतात तसल्या पांढऱ्या दाण्यांच्या पिशवीत सुकायला टाकलं.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "मावशी, एकाच जाळीत दोन्ही निघाल्या. दगडांजवळची गोडाची. तुम्ही दाखवली ती सावत्र. मुळांत वीतभर अंतर. नशीब, कुणी खणून खाल्लं नाही."

"व्हय," सरूबाई म्हणाली. "नशीब."

कारभारी अंगणात मक्याची कणसं सोलत बसला होता. सरूबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भावजी, कंद सावत्र होता. माझ्याच हातानं गेली आशा."

कारभारीनं मान वर केली नाही. "ठाव हाय, वहिनी."

"कसं?"

"पहिल्याच घासाला म्हणली, कडू लागतंय. मीच म्हणलं, वहिनीचा हात हाय, चुकायचा नाय. खाय गुमान." त्यानं हातातलं कणीस उगाच फिरवलं. "खाल्लं तिनं."

सरूबाई तिथंच भुईवर बसली. "एवढी वर्षं मला का नाय सांगितलं, भावजी?"

"तुमचं सांगितलं असतं, तर माझंबी सांगावं लागलं असतं."

कणसांची साल मग ढिगावर पडत राहिली. सरूबाई तिथंच बसून होती. कारभारीनं तिला जा म्हटलं नाही, तीही उठली नाही.