सात मात्रांची म्हातारी

अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत, डोळे अर्धे मिटून ते म्हणायचे, "थांबा, एक मात्रा बाकी शे." मग समोरचा चहा निवला तरी त्यांना पर्वा नसे.

आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. इंदिरानगरातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही सातआठ जण मोबाइलचे गेम बनवत होतो. गेममधल्या माणसांना चालायला शिकवणं माझं काम, संगीत मास्तरांचं. नामपूरकडचा, मधेच अहिराणी बोलणारा माणूस, आधी लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचे. एका वरातीत त्यांनी हळूच सात मात्रांचा ठेका लावून दिला होता म्हणे. "नाचणारे एकमेकांच्या पायांवर पडले, नवरदेवाच्या मामाचा फेटा गेला. घोडा मात्र बरोबर चालला," हे ते फार अभिमानाने सांगत. त्यानंतर बँडने त्यांना बोलावलं नाही.

सरळ रस्ता दिसला की ज्याला झोप येते असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. चार मात्रा ऐकल्या की मास्तर जांभई द्यायचे. पाच, सात, अकरा म्हटलं की ताठ बसायचे. सूरही एका वेळी पाच-सहा दाबायचे. एकदा साहेब म्हणाले, "मास्तर, किती सूर एकदम?" मास्तर म्हणाले, "साहेब, नुसती मटकी खाल्ली तर मिसळ खाल्ली म्हणाल का?" नाशकात राहून याला कोण काय उत्तर देणार!

तर आमचा एक गेम होता, लाकडाची मोळी घेऊन डोंगरावरच्या घरी निघालेल्या म्हातारीचा. ठेक्यावर बोट टेकवायचं, की ती पाऊल टाकते. शेवटच्या चढासाठी मास्तरांनी सात मात्रांचं संगीत केलं. ऐकून माझ्या अंगावर काटा आला, पण म्हातारी त्यावर चालेना. मी काढलेली पावलं अगदी सारखी; एक समेवर पडायचं, दुसरं अधांतरी. खेळून बघणाऱ्या सगळ्यांची म्हातारी तिथेच घसरून पडे.

"मास्तर, तुमचं गाणं चुकतंय."

"ताई, तुमचे पाय चुकताहेत."

साहेबांनी निकाल दिला: शनिवारपर्यंत चारात बसवा, नाहीतर बाहेरून तयार संगीत घेऊ. एरवी कशालाही हो म्हणणारे मास्तर मान खाली घालून बसले. "चारात बसवता येतं. पण मग ती ती राहत नाही," एवढंच म्हणाले. साताच्या आठ, म्हणजे चार-चार करायच्या, एका मात्रेचा प्रश्न. त्यासाठी कोणी एवढं अडून बसतं का? मला त्यांचा रागच आला.

शुक्रवारी दुपारी त्यांची आई नामपूरहून आली, पिशवीभर कांदे घेऊन. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद. जिन्यातून पावलं ऐकू यायला लागली: एक पाय जड, सावकाश, दुसरा घाईने टेकलेला. मी हातातलं काम सोडून ऐकत बसले. मग माझाच अंगठा पेरांवरून फिरायला लागला. चार आणि तीन. चार आणि तीन.

"कितल्या पायऱ्या शेतस रे भाऊ!" म्हणत आजी दारात टेकल्या. गुडघा धरून हसत होत्या. मास्तर माझ्याकडे बघत नव्हते.

त्याच दुपारी मी म्हातारीचा एक गुडघा दुखरा केला. शनिवारी साहेब स्वतः खेळले. म्हातारी लंगडत लंगडत, एकदाही न घसरता घरी पोचली. साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून खेळायला घेतलं, आणि चाराचा विषय कोणी काढला नाही. मास्तरांनी माझ्यापुढे हात जोडले. मी घाईघाईने कांद्यांची चौकशी केली.

पुढे आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, मास्तर तिच्याजवळ राहायला नामपूरला गेले आणि तिकडचेच झाले. त्यांच्या खुर्चीवर आता प्रिंटर ठेवला आहे. मला त्यांची फार आठवण येते. परवा त्यांनी फोनवर एक नवी धून पाठवली. ऐकली आणि उडालेच. सरळ चार मात्रा! लगेच फोन लावला.

"मास्तर, चार? बरे आहात ना?"

"आई आता बाजारातून सरळ चालत येते, ताई. काय करू?" हसत होते, पण जरा रुसल्यासारखे.

"मग सात?"

"सात तुमच्याकडे शे ना. सांभाळा."

फोन ठेवून मी गेम उघडला. म्हातारी मोळी घेऊन चढाच्या पायथ्याशी उभी होती. मी बोट टेकवलं आणि ती निघाली. चार आणि तीन.