मामाच्या आवाजातला होकार

"तिन्ही मुख्य रक्तवाहिन्या बंद होत आल्या आहेत. बायपास करावंच लागेल, आणि फार थांबता येणार नाही." अमरावतीच्या हॉस्पिटलात सर्जन स्क्रीनवर बोट ठेवून मला हे सांगत होते, तेव्हा माझी आई वॉर्डात पडल्या पडल्या ताईला पटवून देत होती की हा सगळा गॅसचा प्रकार आहे.

आधी आजाराचं सांगतो, कारण आम्ही तिथेही चुकलो. जिना चढताना आईचा डावा खांदा आणि जबडा दुखायचा. छातीत कधी दुखलं नाही. त्यामुळे अकोल्याला आमचं ओवा, काळं मीठ आणि दातांचे डॉक्टर सगळं करून झालं. चालताना जबडा दुखत असेल आणि बसल्यावर थांबत असेल, तर आधी ईसीजी काढा. आमच्यासारखे दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसू नका.

अमरावतीला ताई राहते, म्हणून अँजिओग्राफी तिथे केली. मनगटातून बारीक नळी सरकवून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढतात, ती अँजिओग्राफी. निदान आलं ट्रिपल व्हेसल डिसीज, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तिन्ही वाटा तुंबलेल्या. बायपासमध्ये पायातली शीर काढून ती तुंबलेल्या जागेला वळसा घालून जोडतात. त्यासाठी छातीचं मधलं हाड कापावं लागतं. एवढ्या सगळ्यातून आईने फक्त हाड कापण्याचं ऐकलं.

"दादाशी बोलल्याबिगर मी सही करत नाई," ती म्हणाली.

दादा म्हणजे माझे मामा. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन दर्यापूरला राहत. आईकडे स्वतःचा फोन नाही. रोज सकाळी मामा माझ्या व्हॉट्सॲपवर तिच्यासाठी आवाजातला मेसेज टाकत, मी तो तिला ऐकवी आणि तिचं उत्तर परत पाठवी. भावाबहिणीचं बोलणं असं वर्षानुवर्षं माझ्या हातून जायचं.

मामांना निदान कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मेसेज आला. वॉर्डाबाहेर उभा राहून मी तो आधी एकट्याने ऐकला. "कमे, छाती फाडून कोनी धड रायते काय? घरी ये तू. आपन पथ्यपानी करू. पोट्ट्यायचं आयकू नोको."

मी तो आईला ऐकवला नाही. मामांचा फोन बिघडलाय म्हणून सांगितलं. मनात होतं की संध्याकाळी मामांना फोन करू, समजावू, आणि मग दोघांचं बोलणं करून देऊ. दुपारीच मामेभावाचा फोन आला. मामा अंगणात पडले होते. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "ऑपरेशन होईपर्यंत त्यांना धक्का बसेल असं काही घडू देऊ नका." आमच्याकडे आजाऱ्यापासून वाईट बातमी लपवायचं कुणी ठरवत नाही. एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं की ठरतं. मी लग्नाच्या शूटिंगची ऑर्डर आहे सांगून दर्यापूरला गेलो, मामांना पोचवून आलो, ताईच्या घरी आंघोळ केली आणि पुन्हा आईच्या पलंगाशी येऊन बसलो.

"दादाचं काई आलं का?"

"फोन दुरुस्तीले टाकला, आई."

ऑपरेशनची तारीख पुढे गेली. नर्स संमतीचा कागद घेऊन आली आणि तसाच घेऊन गेली. ताईने मला जिन्याशी गाठलं. "लग्नात करतं ना तू? मंग इथं कर. आई जित्ती पायजे का नाई तुले?"

लग्नात मी काय करतो ते सांगायला हवं. अकोल्यात माझा स्टुडिओ आहे, लग्नाची शूटिंग आणि मिक्सिंग. हल्ली एक नवी मागणी असते. वारलेले आजोबा एलईडी स्क्रीनवर येतात आणि नातवाला नाव घेऊन आशीर्वाद देतात. जुना आवाज एआयला दिला की आपण टाईप करू ते वाक्य त्या आवाजात बोललं जातं. हॉल रडतो, मग पंगतीला बसतो, आणि त्यातलाच कुणी मला पुढची ऑर्डर देतो. मला हे पुण्याचं काम वाटायचं. त्या हॉलात प्रत्येकाला माहीत असतं की आजोबा नाहीत, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

दोष ताईवर ढकलत नाही. हात माझे होते. हॉस्पिटलच्या आवारात गाडीत बसून मी लॅपटॉपवर मामांचे जुने मेसेज भरले. पहिल्या वेळी मामा अगदी बातम्या सांगतात तसं शुद्ध बोलले. मी शब्द आपल्या बोलीत लिहून दिले. मग आवाज आला, "कमे, भेव नोको. ऑपरेशन करून घे. मी येतो तुले भेटाले."

आवाज जमला तेव्हा मी खूश झालो. खोटं कशाला सांगू? मामांना पोचवून दोन दिवसही झाले नव्हते, आणि मी स्वतःच्या कामावर खूश होतो.

मामांचा फोन दुरुस्त झाला म्हणून सांगितलं आणि आईला ते ऐकवलं. तिने ते पुन्हा लावायला सांगितलं. "खोकला बरा झाला वाटते त्याचा," ती म्हणाली. मग म्हणाली, "लाव बरं त्याले फोन." जास्त बोललं तर दम लागेल, डॉक्टर नको म्हणालेत, असं मी सांगितलं. तिने चष्मा मागितला आणि सही केली.

ऑपरेशन चांगलं झालं. आयसीयूत ती व्हेंटिलेटरवर होती, म्हणजे श्वास मशीन देत होतं. घशातली नळी पाहून घाबरू नका, ती लवकरच काढतात. नंतर स्पायरोमीटर देतात. ते गोळ्या घातलेलं प्लास्टिकचं खेळणं असतं. श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या, म्हणजे फुफ्फुसं उघडतात. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायला लावा. आई उशी धरायची, गोळ्या उचलायची आणि दरवाजाकडे पाहायची.

"दादा नाई आला?"

मी दुसरा मेसेज बनवला. त्यात मामांचा गुडघा दुखत होता. आईने लगेच उत्तर द्यायला फोन तोंडाशी धरायला लावला. "गुडघ्याले तेल लाव, अन् वयनीले सांग चोळून द्याले." एकेका शब्दाला उशी दाबत होती. मी ते मामांच्या बंद फोनवर पाठवलं.

राउंडला आलेल्या सर्जनना ती कौतुकाने म्हणाली, "माह्या भावानं सांगतलं म्हनून आली मी तुमच्या चाकूखाली." ते मला म्हणाले, मामांना एकदा आणा, धीर येईल त्यांना. मी बाहेर जाऊन त्यांना खरं ते सांगितलं.

त्यांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाले, "धक्का देऊ नका म्हणालो होतो मी. फसवा, असं नव्हतो म्हणालो. सही करणाऱ्याला काय माहीत आहे, त्यावर सही खरी की खोटी ते ठरतं. मी तुमच्या आईच्या संमतीने छाती उघडली असं समजत होतो." आणि जाताना म्हणाले, "टाके निघाले की सांगा. हृदयाला आता झेपेल."

टाके निघाले, आम्ही अकोल्याला आलो. मी सांगितलं, पण अर्धंच. मामा गेले एवढं सांगितलं, आणि ते गेल्याची तारीख ऑपरेशननंतरची सांगितली. उशिरा बातमी कळली तरी आंघोळ करायची असते. आई म्हणाली, "पानी तापव." ताई मुद्दाम आली होती, तिने स्टुलावर बसवून, जखम सांभाळत तिला आंघोळ घातली. दाराआडून आईचं रडणं येत होतं. तेरवीही होऊन गेली होती, सोबत रडायला माहेरचं कुणी नव्हतं.

पुढे त्याहून वाईट झालं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती सांगू लागली, "जाता जाता दादानं जीवदान देलं मले." बाया डोळे पुसायच्या. मी चहा घेऊन यायचो आणि कप ठेवून निघून जायचो. माझं खोटं तिच्या दुःखाचा आधार झालं होतं, आणि ते काढून घ्यायची माझी हिंमत होत नव्हती.

एका दुपारी ती म्हणाली, "दादाचा थो मेसेज लाव बरं." बोट स्क्रीनवर होतं. मला दाबवलं नाही. मी तिच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं, तारखेसकट. मग मामांचा खरा मेसेज लावला.

तिने शेवटपर्यंत ऐकला. हसली. "जल्मभर असाच भेकड होता." मग डोळे भरून आले, आणि ती माझ्याकडे वळली.

"तुले काय वाटलं, मी त्याले इचाराले थांबली होती? सही तं मी करनारच होती. मले मराचं होतं का? मले त्याच्याशी बोलाचं होतं, बाबू. आतमंदी गेली अन् आली नसती तं? त्याले सांगाचं होतं, भेव नोको म्हनून."

आई आता जिना चढते, जबडा दुखत नाही. सर्जनांचे, आयसीयूतल्या नर्सेसचे उपकार आम्ही विसरणार नाही. आशीर्वादाचे व्हिडिओ मी बंद केलेत. तुमच्या घरी अशी वेळ आली, तर माणसाला काय हवंय ते त्यालाच विचारा. आम्ही तिला एकदाही विचारलं नाही.

त्या सकाळी मामा जिवंत होते. फोन माझ्या हातात होता, आणि आई वॉर्डाच्या दाराच्या आत बसलेली होती.