दसऱ्याच्या पाटावरची जॉयस्टिक

२०२३ च्या दसऱ्याला निकेत रामचंद्र घरत याला एक साधा प्रश्न विचारण्यात आला आणि त्याने त्याचे खोटे उत्तर दिले. खरे उत्तर त्याच्या हिताचे होते आणि खोट्याने त्याचेच नुकसान होणार होते, हे त्याला त्या क्षणीही कळत होते. मग तो खोटे का बोलला? दया म्हणून, की सूड म्हणून? या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाला देता आलेले नाही. जे घडले ते क्रमाने मांडणे तेवढे शक्य आहे.

घरतांचे घर उरण तालुक्यात, न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. निकेतचे आजोबा जन्मभर मिठागरात राबले. वडील रामचंद्रही लग्न होईपर्यंत तिथेच होते. पुढे मिठागरांवर भराव पडला, भरावावर कंटेनरांच्या थप्प्या उभ्या राहिल्या, आणि काल मीठ ओढणारी माणसे ट्रेलरच्या स्टिअरिंगमागे जाऊन बसली. रामचंद्रांना ट्रेलर एकच आणि मुलगाही एकच. एकाने दुसऱ्यावर बसावे, इतकी सरळ त्यांची योजना होती.

मुलगा मात्र विमानात बसला होता.

उरण नाक्यावरच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून तो संध्याकाळी घरी येई आणि मागच्या खोलीत संगणकावर लढाऊ विमान उडवी. गाव त्याला गेम म्हणे. गेम खेळण्यासाठी जितके कळावे लागते त्याहून या प्रकारात बरेच अधिक कळावे लागे. इंजिन सुरू करायचे तर खटके ठरल्या क्रमानेच दाबावे लागत. वेग उतरला की पंखाखालची हवा सुटे आणि विमान दगडासारखे खाली येई. शत्रूच्या शेपटीमागे जाताना वळण किंचित जास्त ओढले, तर शत्रू राहतो बाजूला आणि आपणच गिरकी खात जमिनीला लागतो. डाव्या डोळ्याच्या अधूपणामुळे खऱ्या हवाई दलाचे दार आपल्याला उघडणार नाही, हे निकेत शाळेतच समजून चुकला होता. त्याविषयी तो कधी बोलला नाही.

त्याचा खरा जीव विमानाइतकाच हातातल्या अवजारांत होता. कुणीतरी टाकून दिलेली एक जॉयस्टिक त्याने आणली, तिच्यातले झिजलेले भाग काढून जागी चुंबक आणि संवेदक बसवले, आणि दांड्याला नळीचा तुकडा जोडून ती खऱ्या विमानातल्यासारखी दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी केली. शेपटी वळवण्याची पेडल्स त्याने भंगारातल्या ट्रेलरच्या क्लच आणि ब्रेकपासून केली. थ्रॉटलची तरफ एका निकामी क्रेनमधून आली होती. स्टिकच्या मध्याविषयी तो विशेष हळवा होता. हात काढल्यावर स्टिक स्प्रिंगने जिथे येऊन थांबते, तिथे विमानाला काहीही सांगितले जात नसते. हे काहीही न सांगणे अगदी अचूक असावे लागते, असे तो म्हणे. ते जरा ढळले, तर वैमानिकाने न दिलेले हुकूम विमान पाळू लागते.

नाक्यावरच्या टपरीवर त्याची वेगळी ख्याती होती.

"काय रं पायलट, आज कुठं बाम टाकलास?" बाळाजी म्हात्रे हाक मारी. "पाकिस्तानात का पनवेलात?"

"पनवेलात नको टाकू बाबा," दुसरा कुणी म्हणे. "माजी सासुरवाडी हाय."

"मग तर टाकच!"

हशा पिके. रामचंद्र चहा अर्धा टाकून उठत. "माजा पोरगा रिकामा न्हाय," एवढेच ते म्हणत, "मोबाईल दुरुस्त करतो." विमानाविषयी अवाक्षर काढत नसत. टपरीवरच्या हशापेक्षा वडिलांचे हे घाईघाईने झाकणे निकेतला अधिक लागे.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात एक संधी चालून आली. पुण्यातली एक लहान कंपनी सिम्युलेटरसाठी विमानांची प्रतिरूपे बनवत असे, आणि त्यांचे मिग-२१ निकेत रोज उडवत असे. उतरताना कमी वेगात ते उजवीकडे जरा जास्तच झुकते, असे त्याने कंपनीला कळवले. तिथल्या अभियंत्यांनी तपासले, तर चूक खरोखरच त्यांची निघाली, आणि त्यांनी ती दुरुस्त केली. मग प्राप्ती नावाच्या बाईंचा फोन आला. कंपनीला कायमचा परीक्षक हवा होता. काम घरी बसून करायचे. नवे विमान उडवायचे आणि ते हाताला कसे लागते ते सांगायचे. अट एकच. उमेदवाराने स्वतःच्या नेहमीच्या स्टिकवर, त्यांच्या डोळ्यांदेखत, एकदा विमान उडवून दाखवायचे.

रामचंद्रांनी ऐकून घेतले आणि आपलीही अट घातली. "दसऱ्यापर्यंत बघ. न्हाय जमलं, तर मुकाट ट्रेलरवर बसायचं. कबूल?"

"कबूल."

प्राप्तीबाईंनी दसऱ्यानंतरचा दिवस सुचवला होता. तो बदलला रामचंद्रांनीच. "साडेतीन मुहूर्तांतला दिवस सोडून भलत्या दिवशी कशाला? दसऱ्यालाच घे म्हणावं." सुट्टी असूनही बाईंनी मान्य केले. आपल्या कामासाठी वडिलांनी मुहूर्त पाहिला, याचे निकेतला बरे वाटले. ते बरे वाटणे त्याला महागात पडले.

मिठागरातल्या घरांची दसऱ्याची एक रीत आहे. इतरांकडे हत्यारावर फुलाने पाणी शिंपडतात. इथे हत्याराला न्हाऊ घालतात. मीठ लोखंड खाते. म्हणून वर्षभर अंगावर चढलेले मीठ निघेस्तोवर अवजार धुवायचे, पुसायचे, खोबरेल चोळायचे आणि मगच पाटावर ठेवायचे. मिठागर गेले, पण गरजेतून आलेली ही रीत घरात राहिली. कोयत्याबरोबर ट्रेलरचे नट आवळायचे पाने न्हाऊ लागले.

दसऱ्याच्या सकाळी रामचंद्रांनी निकेतला झेंडू आणि आपट्याची पाने आणायला नाक्यावर पाठवले. गर्दीमुळे त्याला वेळ लागला. तो परतला तेव्हा ओटीवर पाट मांडलेला होता. कोयता, नट आवळायचे पाने, ट्रेलरची चावी. आणि मध्यभागी, सगळ्यांपेक्षा उंच, हळदीकुंकू लावलेली त्याची स्टिक. खोबरेलाने ती लखलखत होती.

"आज तुजं बी हत्यार पाटावर घेतलंय," रामचंद्र म्हणाले. ते कधी नव्हे इतके खुशीत होते. "चांगलं न्हाऊ घातलं. आनि वायर काढूनच हां! येवडं कळतं मला. कुठली वायर कुठं व्हती त्ये बी ध्यानात ठेवलंय."

निकेतने स्टिक उचलून तिरपी केली. बुडाच्या फटीतून पाण्याची बारीक धार पाटावर सांडली. पाणी बोअरचे होते. त्या गावात बोअरचे पाणी मचूळ लागते, कारण जमिनीखालचे मीठ भरावाने जात नाही.

"काय झालं?" रामचंद्रांनी विचारले.

"काय न्हाय, बाबा. छान दिसतंय."

आई, कृष्णाबाई, हातात आरतीचे ताट घेऊन उभी होती. तिने ती धार पाहिली, मुलाचा चेहरा पाहिला, आणि आरती नेहमीपेक्षा लवकर आटोपली.

मागच्या खोलीत त्याने स्टिकचे बूड उघडले. आतल्या सर्किटच्या पट्टीवर तेलाचा तवंग होता आणि हळदीचे कण चिकटले होते. दुकानातल्या स्पिरिटने त्याने सारे पुसले आणि पट्टी पंख्यासमोर धरली. आई दारात आली.

"पान्यानं बिघडलं का रं?"

"न्हाय गं."

"सांगू का त्यांना?"

"काय सांगशील?" तो वर न बघता म्हणाला. "पयल्यांदाच हात लावलाय त्यांनी तिला."

जोडल्यावर स्टिक चालू झाली. पडद्यावरचे आकडे थोडे थरथरले आणि स्थिरावले. ठरल्याप्रमाणे अकराला फोन लागला. प्राप्तीबाईंचा आवाज आणि विमानाचा आवाज एकाच स्पीकरमधून येत होता, आणि दारात रामचंद्र येऊन उभे राहिले होते. अंगात धुतलेला सदरा, कानात आपट्याचे पान. मुलगा विमान उडवताना ते आजवर कधीच उभे राहिले नव्हते.

उड्डाण सुंदर झाले. विमान धावपट्टी सोडून समुद्रावर आले तेव्हा रामचंद्र हळूच म्हणाले, "अगं, ये इकडं, बघ." पुढे विमान सरळ रेषेत धरून ठेवायचे होते. निकेतने हात सैल केला आणि स्टिक मध्यावर आली. विमानाचा उजवा पंख मात्र खाली जाऊ लागला. त्याने सावरले, पुन्हा पंख गेला. नेम धरताना विमानाचे नाक चळचळ कापू लागले. मिठाचे पाणी पट्टीवरच्या बारीक तारांच्या मध्ये बसून निकेतने न दिलेले हुकूम विमानाला देत होते. उतरताना वेग कमी झाला, उजवा पंख एकदम पडला आणि धावपट्टीच्या अलीकडे विमान जमिनीत घुसले.



"निकेत," प्राप्तीबाई म्हणाल्या, "हे तुमचं उडवणं नाही. स्टिकचा मध्य हलतोय, मला इथे आकडे दिसतायत." मग त्या किंचित हसल्या. "एक विचारू? आज दसरा. घरी कुणी पूजा करताना पाणीबिणी लावलं नाही ना? गेल्या वर्षी आमच्या आईने माझ्या लॅपटॉपवर अक्षता आणि पाणी दोन्ही टाकलं होतं. तसं असेल तर सरळ सांगा. पुढच्या आठवड्यात पुन्हा घेऊ, त्यात काही नाही."

हाच तो प्रश्न. निकेतने दाराकडे पाहिले. रामचंद्रांना बाईंचे सगळे बोलणे कळले असेल की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ठरत नव्हते. ते त्याच्याकडेच बघत होते.

"नाही, मॅडम," तो म्हणाला. "काल मीच आतली स्प्रिंग बदलली. नंतर तपासायचं राहून गेलं."

"चाचणीच्या आदल्या दिवशी स्प्रिंग बदलली? आणि तपासली नाही?"

"हो."

"निकेत, अहो, परीक्षकाचं काम दुसरं काय असतं?"

"चुकलंच माझं."

   चौथ्या दिवशी कंपनीची नकाराची मेल आली. तीत त्याच्या हाताची स्तुती होती आणि निष्काळजीपणाचा उल्लेख होता.

दसऱ्याच्या दुपारी पुरणपोळीच्या जेवणात रामचंद्र म्हणाले, "तरी बघ, निम्मं इमान बरं गेलं. पूजा केलीवती म्हणून तेवढं तरी. आनि आदल्या दिवशी कशाला हात लावतो मर्दा? मी ट्रेलर घाटात न्यायच्या आधी खोलतो का कधी?"

कृष्णाबाई त्यांना काही सांगण्यासाठी वळली.

"आई, तूप वाढ," निकेत म्हणाला.

तिने तूप वाढले. त्या घरात हा विषय एवढाच निघाला.

याला दया म्हणावे, तर नंतरच्या वर्षांतले निकेतचे वागणे आड येते. वडिलांशी तो कामापुरतेच बोलतो, आणि तेही इतक्या अदबीने की रामचंद्र कासावीस होतात. "काय झालं त्याला?" ते बायकोला विचारतात. "शब्दाला शब्द देत न्हाय पोरगा." सूड म्हणावा, तर ज्याला आपण काय केले हेच ठाऊक नाही, त्याच्यावर तो उगवणार कसा? कदाचित दयाच फार काळ अंगावर वागवली की ती नासते. आपण घातलेल्या न्हाणाचे काय झाले, हे जाणण्याचा बापाचा हक्क मुलाने त्या दिवशी काढून घेतला. त्याच्या जागी दिला तो निव्वळ आदर, आणि त्यात ऊब नाही.

कबूल केल्याप्रमाणे दिवाळीनंतर निकेत ट्रेलरवर बसला. टपरीवर बाळाजी अजून "पायलट" म्हणतो. आता त्यात कुचेष्टा उरलेली नाही, निव्वळ सवय आहे. २०२४ च्या दसऱ्याला रामचंद्रांनी स्टिक पुन्हा पाटावर मागितली. निकेतने ती आणून दिली आणि वडील तिला न्हाऊ घालत असताना शेजारी बसून पाणी ओतले. वायरी काढण्याची गरज नव्हती. त्या वर्षभर जोडलेल्याच नव्हत्या.

२ ऑक्टोबर २०२५ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, घरतांनी दुसरा ट्रेलर घेतला. तो निकेत चालवतो, आणि रामचंद्रांनी रंगाऱ्याला बोलावून त्याच्या दोन्ही दारांवर लढाऊ विमान काढून घेतले आहे.